मैदानात उतरू इच्छिणाऱ्या चिरंजीवांस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बेत कळला. इंग्लंडात शिकायला जाऊन सहा महिने झाले, पहिल्यांदाच स्टेडियमचं तिकीट हाती लागलंय, आणि शेवटच्या मिनिटाला आपल्या संघाने गोल केला तर जाहिरातींच्या फलकावरून उडी मारून तू हिरवळीवर धावत सुटणार आहेस. छान. आपल्या घराण्यात आजवर कुणी एवढं मोठं मैदान मारलेलं नाही. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तुला अडवायचा माझा विचार नाही. धावायचं कसं, एवढंच सांगतो. कारण तिकडच्या बातम्या इतकी वर्षं वाचून माझं असं मत झालंय की शिक्षा धावण्याला फारशी होत नाही, अवेळी आणि एकट्याने धावण्याला होते.

तेव्हा पहिलं म्हणजे एकटा धावू नकोस. एकटा धावतो तो घुसखोर. त्याला चार स्ट्युअर्ड, म्हणजे क्लबचे बंदोबस्तवाले, मिळून लोळवतात, टीव्हीवाले कॅमेरा मुद्दाम दुसरीकडे वळवतात आणि संध्याकाळी क्लबचं पत्रक निघतं: आजीवन बंदी. तोच उद्योग हजारो जणांनी मिळून केला की त्याला भावनांचा उद्रेक म्हणतात. १९ मे २०२२ ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टनने क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असा जिंकला, खालच्या श्रेणीत घसरायची नामुष्की टळली आणि सगळी हिरवळ माणसांनी भरून गेली. त्या गर्दीतून पॅलेसचे प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा बिचारे पायी वाट काढत होते. एका चाहत्याने मोबाइल रोखून त्यांना डिवचलं, तेव्हा त्यांनी त्याला लाथ घातली. पोलिसांनी पुढे काही केलं नाही, तिथला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशननेही (एफए) नाही. तीनच दिवसांनी ॲस्टन व्हिलाला हरवून मँचेस्टर सिटी लीगची विजेती झाली, तेव्हा लोकांनी मैदानात उतरून गोलपोस्टच मोडला आणि व्हिलाचा गोलरक्षक रॉबिन ओल्सेन याला जाता जाता मार बसला. आता एवढ्या सगळ्यांना जन्मभर घरी बसवलं तर ऑगस्टमध्ये नव्या मोसमाची तिकिटं कोण काढणार? पाचामुखी परमेश्वर म्हणतात. पन्नास हजारांमुखी तर क्लबचं वर्षाचं उत्पन्न असतं.

दुसरं, शक्य असेल तर वर्ष नीट निवड. १९२३ चांगलं होतं. त्या वर्षी २८ एप्रिलला वेम्बलीच्या नव्याकोऱ्या स्टेडियमवर एफए कपचा अंतिम सामना झाला. अधिकृत आकडा १,२६,०४७, पण माणसं दोन लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. बसायला जागा नाही म्हणून लोक सरळ मैदानात उभे राहिले. सामना पाऊण तास खोळंबला. बिली नावाच्या पांढऱ्या घोड्यावरच्या एका पोलिसाने लोकांना हळूहळू रेषेपर्यंत मागे सारलं, तेव्हा कुठे बोल्टन आणि वेस्ट हॅम खेळू शकले. बंदी कुणावरही नाही. उलट वेम्बलीच्या नव्या स्टेडियमपाशी जो पादचारी पूल आहे, त्याला त्या पांढऱ्या घोड्याचं नाव दिलंय. घुसखोरी दोन लाखांनी केली, नाव घोड्याचं झालं, हे तेवढं जरा खटकतं.

१९६६ तर सुवर्णवर्ष. विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, जादा वेळेचे शेवटचे क्षण. चेंडू जेफ हर्स्टच्या पायात, आणि शिट्टी होण्याआधीच काही उतावळे मैदानात. बीबीसीचे समालोचक केनेथ वोल्स्टनहोम म्हणाले, काही लोक मैदानात आलेत, त्यांना वाटतंय सामना संपला. तेवढ्यात हर्स्टने गोल मारला आणि ते म्हणाले, आता संपला! इंग्रजी फुटबॉलमधलं हे सगळ्यांत लाडकं वाक्य. लहान पोरांनाही पाठ असतं. ते उतावळे त्या दिवशी शहाण्यासारखे खुर्चीवर बसले असते, तर हे वाक्यच जन्माला आलं नसतं. आज त्यांची ओळख पटवून, सीझन तिकीट, म्हणजे मोसमभराचा पास, रद्द करून, पत्र घरी पाठवलं असतं.

तुझ्या वाट्याला दुर्दैवाने एकविसावं शतक आलंय. त्यामुळे घड्याळ पाहून धाव. इंग्लंडचा १९९१ चा कायदा सांगतो की कायदेशीर परवानगी किंवा कायदेशीर सबब नसताना मैदानात जाणं हा गुन्हा आहे. मैदान म्हणजे नुसतं गवत नव्हे. प्रेक्षकांना मज्जाव असलेली कडेची पट्टीही त्यात आली. पण या गुन्ह्याला वेळेचं बंधन आहे. सामन्याआधी दोन तास ते सामन्यानंतर एक तास, एवढ्यातच तो घडतो. म्हणजे संपल्यावर एक तास पाच मिनिटांनी तू रिकाम्या मैदानावर मनसोक्त धावलास तर निदान हे कलम तुला लागत नाही. बघायला कुणी नसेल आणि गोलही कुणी मारलेला नसेल, पण सगळंच कसं मिळणार? वेळेत धावलास तर दंड जास्तीत जास्त एक हजार पौंड. लंडनमधली बरीचशी सीझन तिकिटं याहून महाग असतात, तेव्हा हिशेब तूच कर.

हा कायदा का आला, हे सांगताना मला थट्टा सुचत नाही. सत्तरच्या दशकात लोक मैदानात उतरू नयेत म्हणून प्रेक्षकांपुढे लोखंडी कुंपणं उभी केली गेली. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातल्या उपांत्य सामन्यात त्याच कुंपणांवर माणसं चिरडली गेली. जीव वाचवायला कुंपणावर चढणाऱ्यांना पोलिसांनी सुरुवातीला घुसखोरच समजलं. ९७ जण गेले, त्यातला शेवटचा २०२१ मध्ये. त्यानंतर कुंपणं काढली आणि लोखंडाच्या जागी कागदावरचं कलम आलं. म्हणून बाबा रे, तुझ्यासमोर आज जो गुडघाभर फलक आहे ना, तो इतका बुटका असण्याची किंमत फार मोठी आहे. त्या कलमाशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते 'आजीवन' या शब्दाशी. हा शब्द न्यायालयाचा नाही. तिथला न्यायाधीश फुटबॉल बंदीचा हुकूम देतो तो कमीत कमी तीन वर्षांचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा. परदेशात मोठी स्पर्धा असली की पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायचा. हुकूम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. आणि दोन तृतीयांश मुदत भोगल्यावर बंदी उठवा म्हणून अर्ज करायची सोय. कडक आहे, पण आकडे आहेत. आजीवन बंदी देतो तो क्लब, मैदानाचा मालक म्हणून. माझं घर, माझा उंबरठा. तिथे साक्षीपुरावा, वकील, दोन तृतीयांश वगैरे काही नाही. दाद मागायची तर पुष्कळदा आधी त्याच क्लबच्या दारात. पुढे फुटबॉलचा एक स्वतंत्र लोकपाल आहे, पण तो शिफारस करतो, हुकूम नाही. २०२२ च्या मे महिन्यातल्या गोंधळानंतर प्रीमियर लीग, खालच्या श्रेणींची लीग आणि फुटबॉल असोसिएशन यांनी मिळून नियम केला की मैदानात जाणाऱ्यावर क्लबने आपोआप बंदी घालायची, किमान एक वर्षाची. किमान ठरवलं. कमाल ज्याच्या त्याच्या रागावर सोडलं.

राग खरा असतो, हेही कबूल करतो. १० मार्च २०१९ ला बर्मिंगहॅम सिटीच्या मैदानात एकाने मागून धावत येऊन व्हिलाच्या जॅक ग्रीलिशला ठोसा मारला. १४ आठवडे तुरुंग, न्यायालयाची दहा वर्षांची बंदी आणि क्लबची आजीवन. ग्रीलिशने उठून सामन्यातला एकमेव गोल केला. माझ्या मते खरी आजीवन शिक्षा ती. तुर्कस्तानात डिसेंबर २०२३ मध्ये तर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष फारुक कोजा यांनीच मैदानात जाऊन पंच हलील उमुत मेलेर यांना ठोसा लगावला. साऱ्या देशातली लीग थांबवावी लागली आणि अध्यक्षांना फुटबॉलमधून कायमचं हद्दपार केलं. योग्यच केलं. सामन्याला पंच यायचेच बंद झाले तर खेळणार काय, विटीदांडू? पण ठोसा मारणाऱ्याला दिलेला शब्द आणि गोल मारणाऱ्याला मिठी मारायला धावलेल्या सतरा वर्षांच्या पोराला दिलेला शब्द एकच असेल, तर ठोसेवाल्याला आणखी काय देणार? पुढच्या जन्माचीही बंदी?

याच गोष्टीचा दुसरा नमुना नॉटिंगहॅमचा. जानेवारी १९८९, म्हणजे हिल्सबरोच्या तीनच महिने आधी, फॉरेस्टने एक सामना ५-२ असा जिंकला आणि पोरं मैदानात धावली. प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी त्यातल्या काहींना धरून थोबाडीत दिल्या. शिक्षा झाली ती क्लफना: पाच हजार पौंड दंड आणि मोसम संपेपर्यंत टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, यायला मनाई. मार खाल्लेल्यांपैकी काही जणांनी उलट त्यांचीच माफी मागितली आणि क्लफनी कॅमेऱ्यासमोर त्यांचे मुके घेतले. आज त्या मैदानातल्या एका स्टँडला क्लफचं नाव आहे. त्याच मैदानात १७ मे २०२२ ला फॉरेस्ट जिंकल्यावर झालेल्या गर्दीत एकाने शेफील्ड युनायटेडच्या बिली शार्पला डोक्याने धडक दिली. शार्प त्या दिवशी खेळतही नव्हता. धडक देणाऱ्याला २४ आठवडे तुरुंग आणि दहा वर्षांची बंदी. ते बरोबरच झालं. आता मुके घेऊन मिटवायचे दिवस राहिले नाहीत, आणि क्लफची पद्धत न्यायाची होती असंही मी म्हणत नाही. एवढंच की त्या पोरांचं प्रकरण आठवड्याभरात संपलं, आणि ती पुढच्या सामन्याला आली असणार.

तू म्हणशील, काका, बंदी एका क्लबची, दुसऱ्याच्या मैदानात जाईन. कोल्हापूरच्या माणसाला विचारून बघ, तिथले फुटबॉल संघ पेठांचे आणि तालमींचे. एका तालमीने हाकललं म्हणून दुसऱ्या पेठेचा झेंडा हातात धरशील का? शाहू स्टेडियमवर ज्याने पेठांची ईर्षा पाहिलीय, तो तुला उत्तर देणार नाही, नुसता बघत राहील. अर्थात क्लब दरवर्षी हरणारा असेल तर गोष्ट वेगळी. मग आजीवन बंदीचं पत्र फ्रेम करून लाव. शनिवारची दुपार जन्मभर मोकळी.

आता आईचं. तिला बरोबर नेऊ नकोस. २०२२ च्या त्या नियमांत असंही आहे की मैदानात उतरणारं मूल असेल तर सोबतच्या पालकावरही बंदी घालता येईल. तू आता कायद्याने मूल नाहीस, हे खरं. पण तुला पाहून ते तिथल्या लोकांना पटवून देणं अवघड आहे. पोराने दही सांडायचं आणि आईने ताकसुद्धा पिऊ नये, असा हा प्रकार. ती बिचारी शेवटपर्यंत खुर्चीत बसून तुझ्या नावाने हाका मारत असेल, आणि तिच्याकडे ना परवानगी ना सबब.

परवानगीवरून आठवलं. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पास काढ. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सी आला होता. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक स्टँडमध्ये बसले आणि मैदानात मेस्सीभोवती नेत्यांचं आणि पासधारकांचं असं कडं पडलं की बसलेल्यांना तो धड दिसलाच नाही. तो थोड्या वेळात निघून गेला, तेव्हा मग बाटल्या, खुर्च्या आणि माणसं, या क्रमाने सगळं मैदानात आलं. बातम्यांत घुसखोर ठरले ते दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेचे मान्यवर होते. दुसऱ्या दिवशी मेस्सी आपल्या वानखेडेवर आला, तिथेही मान्यवरांची वाण नव्हती, पण निभावलं.

राहता राहिला तो शब्द. आजीवन म्हणजे जीवन असेपर्यंत. त्यापुढचं पत्रकात काही नसतं, आणि तुझ्यासारख्या चिरंजीवाला ही फट दिसायला हवी. ज्या गुडिसन पार्कवर ती हजारोंची गर्दी उतरली, त्याच मैदानाच्या कडेला आठशेहून जास्त चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत, क्लबच्या संमतीने. पुरुषांचा संघ २०२५ मध्ये नव्या स्टेडियमात गेला, तिथे आता महिलांचा संघ खेळतो. ते आठशे अजून तिथेच आहेत, सामन्याआधी दोन तास आणि नंतरचा एक तास धरून. एकही स्ट्युअर्ड त्यांना उठवायला गेलेला नाही.

जागा मात्र उरली नाही म्हणून २००४ पासून नवीन अर्ज घेत नाहीत. तेव्हा शनिवारी तिकिटावर नंबर असेल तिथेच बस. आणि सामना संपला की आईला फोन कर.

बाकी क्षेम.

तुझा काका