दोन्ही बाजूंना एकच गाणं

१९९२ चा पावसाळा. वेंगुर्ल्याच्या बाजारात बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. नव्या कॅसेट विकायच्या आणि लोकांच्या आवडीची गाणी भरून द्यायची. लोक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचे, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचे आणि तीन-चार दिवसांनी न्यायला यायचे. त्या दिवशी आलेल्या मुलाकडे यादी नव्हती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, वय असेल माझ्याएवढंच, पंधरा-सोळा. खोळीतून पाणी गळत होतं म्हणून तो दुकानाच्या पायरीवरच थांबला आणि तिथूनच म्हणाला, "काकानू, साठच्या कॅसेटीत दोनव बाजूक 'पहला नशा'च भरा."

"आणि बाकीची गाणी?"

"ती माका नको."

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. त्यांनी पावती फाडली.

डबल डेकवर, म्हणजे दोन कॅसेट बसणाऱ्या टेपवर, असं काम करणं किती कंटाळवाणं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. गाणं संपलं की भरायची कॅसेट पॉजवर ठेवायची, मूळ कॅसेट मागे घ्यायची, नेमकी सुरुवात पकडायची आणि दोन्ही बटणं एकदम सोडायची. दुप्पट स्पीडवर भरता यायचं, पण त्यात वरचे सूर बोथट होतात म्हणून बाबा साध्या स्पीडवरच भरायचे. एका बाजूला ते गाणं सहा वेळा बसलं. मग कॅसेट उलटून आणखी सहा वेळा. त्या एका कॅसेटपायी संध्याकाळचा तासभर गेला, बाहेर पाऊस, गिऱ्हाईक नाही, आणि दुकानात बारा वेळा तेच गाणं.

गेल्या आठवड्यात लेकीशी वाद झाला. टीनएजर मुलांच्या सिनेमाचा अल्बम चांगला कशाने होतो? तिचं म्हणणं, एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही तो अल्बम चांगला. मी म्हटलं, सगळी गाणी गोड असून चालत नाही गं. बोलता बोलता मला तो पायरीवरचा मुलगा आठवला आणि मग रात्रभर हा विषय डोक्यातून गेला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मला वाटतं ते असं. त्या वयात जे वाटतं ते त्या वयाच्याच मापाने मोजलेलं असलं पाहिजे. पंधराव्या वर्षी कुणी वळून बघितलं तर पोटात जे होतं, ते आपण चाळिशीत 'लहान वयातलं खूळ' म्हणून बाजूला सारतो. ज्याला होतंय त्याच्यासाठी ते आभाळाएवढं असतं. संगीतकाराने ते आभाळाएवढंच धरलं तर अल्बम मोठा होतो. त्याने वरून खाली बघून 'काय गोड मुलं आहेत' असं म्हटलं की गाणी कितीही गुणगुणण्याजोगी असोत, मुलांना ते लगेच कळतं आणि ती त्या अल्बमला मनातून आपला म्हणत नाहीत.

'सैराट' घ्या. २०१६ चा सिनेमा, करमाळ्याकडची पोरं, विहीर, उसाचे फड. अजय-अतुल यांनी या पोरांच्या प्रेमासाठी सिम्फनी ऑर्केस्ट्रा लावला आणि तो लॉस एंजेलिसला जाऊन, सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. तेव्हा कुणी कुणी म्हणत होतं की गावाकडच्या गोष्टीला एवढा थाट कशाला. मला तर तो थाट अगदी बरोबर वाटतो. परश्याच्या छातीत जे वाजतंय ते तेवढंच मोठं आहे. गावात राहतो म्हणून त्याच्या वाट्याला दोन-चार वाद्यंच यावीत असा काही नियम आहे का? आणि गंमत बघा, एवढ्या वाद्यांवर शब्द कोणता बसलाय, तर 'याड'. 'वेड' नाही. सूर जगातल्या कुठल्याही मोठ्या सभागृहात शोभतील असे, आणि बोली घराच्या ओट्यावरची. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अंगावर काटा येतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, 'टाइमपास'मध्ये 'मला वेड लागले प्रेमाचे' आलं. तेच वेड, शहरी घरातलं, नीट उच्चारलेलं. चिनार-महेश यांची चाल साधी आहे, पण त्या गाण्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर जी मुलगी दिसते तीच गाते. केतकी माटेगावकर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. आवाज आणि चेहरा एकाच वयाचे असले की ऐकणाऱ्या मुलीला शंका राहत नाही. राज कपूर यांनी १९७३ मध्ये 'बॉबी'साठी ऋषी कपूरला शैलेंद्र सिंग यांचा नवा, कोवळा आवाज दिला, त्यामागे हीच जाण असणार.

पण वयाचं गणित एवढं सरळ नाही. 'पहला नशा' लिहिणारे मजरूह सुलतानपुरी १९१९ सालचे. १९९२ मध्ये 'जो जीता वही सिकंदर' आला तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. त्याआधी 'कयामत से कयामत तक'मधलं 'पापा कहते हैं' त्यांनी लिहिलं तेव्हा सत्तरीला टेकले होते. कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या मनातलं, सगळ्यांनी काही ना काही व्हायचं ठरवलंय आणि आपलं मात्र काहीच ठरलेलं नाही, हे एका सत्तरीच्या माणसाने लिहिलं! 'मैंने प्यार किया'च्या वेळी लताबाई साठ वर्षांच्या आणि भाग्यश्री विशीची. वेंगुर्ल्यात आम्ही मुली त्या कॅसेटवर जीव टाकायचो तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही की हा आवाज आमच्या आजीच्या वयाच्या बाईचा आहे. म्हणजे तरुण असणं ही अट नाही. त्या वयाची टिंगल न करणं ही अट आहे.

आणि 'पहला नशा'बद्दल आम्हा कोकणातल्यांना आणखी एका कारणाने जिव्हाळा वाटायला हवा. उदित नारायण यांच्याबरोबर त्यात गायलेल्या साधना सरगम दाभोळात जन्मलेल्या. फरहा खान यांचं नृत्यदिग्दर्शक म्हणून हे पहिलं काम, आणि ते सबंध गाणं स्लो मोशनमध्ये आहे. मला ती निव्वळ करामत वाटत नाही. त्या वयात वेळ खरोखरच तशी चालते. एसटीच्या खिडकीतून दिसलेला एक चेहरा पुढच्या स्टॉपपर्यंत संपत नाही.

आता मुलींच्या गाण्याचं बोलते, कारण यावरून माझा जीव जळतो. या प्रकारच्या बहुतेक अल्बममध्ये मुलगी ही गाण्याचा विषय असते. तिचे डोळे, तिचे केस, तिची चाल. तिला स्वतःला काय होतंय हे सांगायला तिला चार मिनिटं मिळत नाहीत. 'सैराट'मध्ये ती मिळाली. 'आताच बया का बावरलं' हे पूर्णपणे आर्चीचं गाणं आहे, श्रेया घोषाल यांच्या आवाजातलं. आपल्याला एकाएकी असं का होतंय याचं नवल तिचं तिलाच वाटतंय. त्या अल्बममध्ये गाणी अवघी चार. एक त्याचं, एक तिचं, एक दोघांचं आणि एक सगळ्या गावाचं. एवढ्यात सगळं आलं. त्यानंतर सिनेमा गाणं म्हणून उचलत नाही. उत्तरार्धात पोरं परक्या शहरात जाऊन पडतात तेव्हा ते सूर मागेच राहतात, आणि शेवटाला तर आवाजच नाही. सुरुवातीला आभाळभर वाजलेलं असतं म्हणून ती शांतता सहन होत नाही. हेही अल्बमचंच काम आहे असं मी मानते.

तर, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीच्या मुलींनी 'आताच बया'वर नाच बसवला होता. तीन आठवडे तालीम केली होती. आदल्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं की हे गाणं शाळेत शोभत नाही, दुसरं निवडा. मुलांचं 'झिंगाट' मात्र यादीत तसंच राहिलं, आणि झालंही, पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला 'झिंगाट' आवडतं. आमच्याकडे हळदीला, विसर्जनाला, शिमग्याच्या पालखीनंतर ते लागलं की साठीचे काकासुद्धा खुर्ची सोडतात. पण त्या मुली मंडपाच्या मागे घुंगरू हातात घेऊन बसल्या होत्या ते मी विसरले नाही. गावाने मिळून नाचणं चालतं, मुलीने एकटीने बावरणं चालत नाही? मुली त्या गाण्याला एवढ्या का धरून बसल्या होत्या हे कुणी त्यांना विचारलंच नाही.

प्रेमाशिवाय या वयात दुसरं काही नसतं असंही नाही. २०१० च्या 'उडान'मध्ये एकही प्रेमगीत नाही. बाप आणि सतरा वर्षांचा मुलगा यांच्यातली धुमस, घरातून निघून जायची ओढ, कविता. अमित त्रिवेदी यांनी त्यातलं 'नाव', म्हणजे होडी, हे गाणं असं बांधलंय की बंदरावर राहणाऱ्या कुठल्याही मुलाला ते आपलं वाटावं. हा अल्बम मी लेकीला दिला आणि ती दोन दिवस काही बोलली नाही. मग मला विचारलं, "आई, तू आणि आजोबा कधी भांडलात का गं?" असं विचारायला लावतं ते संगीत मला हवं.

आणि ज्यांच्यावर माझा राग आहे ते अल्बम कोणते, तर कट्टा, फ्रेंडशिप, कॉलेज, बिनधास्त हे शब्द टोपलीभर घेऊन केलेले. मध्ये एक रॅप, एक पार्टीचं गाणं, एक दोस्तीचं. ते ऐकताना मुलं दिसत नाहीत, मुलांना काय विकता येईल याची यादी दिसते. नावं घेत नाही.

कोकणाचं काय? 'किल्ला' हा सिनेमा आहे. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. पुण्याहून आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा, आणि त्याच्याभोवती पाऊस, लाटा, ओल्या वाटा. त्यात गाण्यांचा अल्बम नाही आणि तो हवाही नव्हता. अकरा वर्षांच्या एकट्या मुलाला शब्द सापडत नसतातच.

पण सोळा वर्षांच्या मालवणी पोराला शब्द सापडतात! ते अजून कुणी एवढ्या मोठ्या सुरात गायलेले मी ऐकलेले नाहीत. सिनेमात मालवणी आली की बहुतेक वेळा हशासाठी येते. आमच्या भाषेत बाप लेकीला सासरी पाठवताना रडतो, पोरगी नाही म्हणते, पोरगा 'मी खुळावलंय' असं अगदी गंभीरपणे मित्राला सांगतो. ते 'खुळावलंय' मला भरगच्च व्हायोलिन्सवर ऐकायचंय. त्यात दशावताराची पेटी, मृदंग आणि झांज हवी. गणपतीतल्या फुगडीचा दम हवा. आज इथली मुलं घरी बसून लॅपटॉपवर काय सुंदर ठेके बांधतात, कोळीगीतांची रिमिक्स करतात, हळदीत वाजतात. त्यांना एवढंच सांगणं आहे की हसवायला म्हणून नको, आपल्या पोटात होतं तेवढ्या मापाचं करा. आणि एक गाणं तिचं असू दे.

त्या कॅसेटचं राहिलं. तीन दिवसांनी तो मुलगा न्यायला आला. बाबा कधीही न ऐकवता कॅसेट द्यायचे नाहीत, म्हणून त्यांनी शेवटचा भाग लावला. सहाव्यांदा गाणं संपलं आणि मला वाटलं आता नुसती खरखर येणार. तर पुन्हा सुरुवात झाली. गिटार, पहिली ओळ, दुसरी ओळ अर्धी, आणि खटकन टेप संपली.

"ह्या सातवा खंयचा?" मुलगा म्हणाला.

"जागा उरली होती," बाबा म्हणाले, "म्हणान भरलंय."