ज्वालाची सर्व्हिस

परवा खेळून झाल्यावर कट्ट्यावर बसलो होतो. विषय निघाला भारतीय बॅडमिंटनचा. सायना, सिंधू, श्रीकांत, लक्ष्य, सात्विक-चिराग सगळे होऊन गेले. मी ज्वाला गुट्टाचं नाव काढलं तर एक जण हसून म्हणाला, "ती भांडकुदळ? आणि ती तर डबल्सवाली."

या "डबल्सवाली"मध्ये जे आहे ना, त्यावर मला बोलायचंय.

एकेरीत जमलं नाही की माणूस दुहेरीकडे वळतो, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी बऱ्या जोडीसमोर दुहेरी खेळली आहे ते असं म्हणणार नाहीत. कोर्ट थोडंच रुंद होतं, ५.१८ मीटरचं ६.१० मीटर, पण वेळ निम्म्यानं कमी होतो. समोरचा सर्व्हिसच्या रेषेलगत, रॅकेट नाकासमोर धरून उभा असतो. तुमचं फूल (म्हणजे शटल) नेटच्या वर चार बोटं उठलं की संपलं, ते तुमच्या छातीवर येतं. मागे लांब टाकावं म्हटलं तर दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत आहे. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी. आमच्या रविवारच्या टोळक्यात तर निम्मे गुण "तुझं होतं", "नाही, तुझं होतं" यातच जातात.

आणि ज्वालाची खरी दौलत म्हणजे तीच सर्व्हिस. डावरी, बॅकहँडनं, अंगाशी धरलेली छोटीशी हालचाल. दहा वेळा फूल नेटला घासून पलीकडे पडायचं. अकराव्या वेळी तसाच हात, तसाच चेहरा, आणि फ्लिक! समोरची बाई पुढे झुकलेली, फूल डोक्यावरून मागे. तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा उजव्या हाताची, मागून स्मॅश हाणणारी. ज्वालानं पुढे फूल उचलायला लावायचं आणि अश्विनीनं मागून ठोकायचं. हे नुसतं धावून आणि घाम गाळून जमत नाही. समोरच्या दोघींच्या मनात काय चाललंय ते वाचावं लागतं.

बाई आपल्या वर्ध्यात जन्मलेल्या, बरं का. १९८३ साली. वडील तेलुगू, आई चिनी. खेळ घडला हैदराबादला, एस. एम. आरिफ सरांच्या हाताखाली. आधी श्रुती कुरियनबरोबर राष्ट्रीय पातळीवर वर्षानुवर्षं दबदबा, मग व्ही. दिजूबरोबर मिश्र दुहेरी. २००९ च्या शेवटी या दोघांनी सुपर सीरिज मास्टर्सच्या अंतिम फेरीत धडक मारली होती. किती जणांना आठवतंय? मलाही परवा शोधावं लागलं, हे कबूल.

२०१० ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा मात्र आठवत असेल. शेवटचा दिवस, सिरी फोर्ट. सगळे सायनाच्या सामन्याची वाट बघत होते. त्याआधी ज्वाला-अश्विनीनं सिंगापूरच्या जोडीला २१-१६, २१-१९ असं हरवून सुवर्ण घेतलं. मग सायनानंही जिंकलं आणि पदकतक्त्यात भारत इंग्लंडच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या तोंडी एकच नाव होतं, आणि ते या दोघींपैकी कुणाचंच नव्हतं.

पुढच्या वर्षी लंडनला जागतिक स्पर्धेत कांस्य. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या कांस्यानंतर भारताला या स्पर्धेत पदक मिळालं ते थेट २८ वर्षांनी, आणि तेही महिला दुहेरीत! त्यानंतर दुहेरीतलं पुढचं जागतिक पदक यायला २०२२ उजाडलं.

२०१२ चं ऑलिंपिक आठवलं की अजून चुटपुट लागते. दोन प्रकारांत उतरलेली ती भारताची पहिली बॅडमिंटनपटू. महिला दुहेरीत जपानकडून हरल्या, पण तैपेई (तैवान) आणि सिंगापूरला हरवलं. गटातल्या तीन जोड्यांचे विजय सारखे, आणि ज्वाला-अश्विनी बाहेर गेल्या एका गुणाच्या फरकानं. जपान तैपेईकडून हरल्यावर भारतानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. आता, जपाननं मुद्दाम सामना सोडला असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण त्याच स्पर्धेत, त्याच महिला दुहेरीत, सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून हरायला खेळणाऱ्या चार जोड्या हाकलल्या गेल्या होत्या. पुढे नियम बदलला, गटसाखळीनंतर पुन्हा सोडत काढायला लागले. या दोघींना त्याचा काय उपयोग!

आता "भांडकुदळ"बद्दल. २०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये महिला दुहेरीचा सामनाच ठेवला नव्हता. दोघी 'आयकॉन' खेळाडू, मूळ किंमत ५० हजार डॉलर. लिलावात ती न विचारता २५ हजारांवर आणली. यावर कुणी गप्प बसावं? त्याच वर्षी ज्वालावर आजन्म बंदीची शिफारस झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन तिनं खेळायची मुभा मिळवली. कोर्टावर जायला आधी कोर्टात जावं लागलं, असं म्हणा.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. राष्ट्रीय प्रशिक्षक गोपीचंद यांच्याशी वाद तिनं फार व्यक्तिगत होऊ दिला. त्यात तिचा मूळ मुद्दा झाकला गेला. लोकांच्या लक्षात राहिलं भांडण. मुद्दा साधा होता: दुहेरीला वेगळा प्रशिक्षक, वेगळा सराव हवा, एकेरीतून उरलेला वेळ नको. २०१५ च्या अखेरीस मलेशियाचे टॅन किम हर दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. सात्विक आणि चिरागची जोडी त्यांनीच जमवली. पुढे मथियास बो आले, स्वतः ऑलिंपिक रौप्यविजेते दुहेरीपटू. २०२३ मध्ये आपली पोरं जगात पहिल्या क्रमांकावर गेली. याचं श्रेय ज्वालाला द्या असं मी म्हणत नाही. ते त्या पोरांचं आणि त्यांच्या प्रशिक्षकांचं. पण ती जे मागत होती ते मिळाल्यावर काय होतं, ते दिसलं की नाही?

रिओ ऑलिंपिकमध्ये दोघी तिन्ही सामने हरल्या, आणि मग हळूहळू ज्वाला दिसेनाशी झाली. आता हैदराबादजवळ अकादमी चालवते.

सिरी फोर्टच्या त्या अंतिम सामन्याचं पूर्ण चित्रीकरण कुणाकडे असेल तर कृपया कॉमेंटमध्ये टाका. मला दुसरा गेम बघायचाय. आणि आमच्या कट्ट्यावरच्या त्या महाशयांना सर्व्हिस दाखवायचीय.