फ्रिटिलारियाच्या कंदांवरच्या दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

फोटोंसकट सविस्तर लिहिलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. तुमची तक्रार अशी: फ्रिटिलारिया मेलिआग्रिसचे (खाली झुकलेल्या, चौकटीच्या नक्षीच्या फुलांचं हे झाड) १० कंद लहान आणि मऊ होते. ४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवून लावले, तर ६ कुजले, तिघांना नुसती पानं आली आणि एकाची कळी वाळली. झाडाला ओलावा लागतो असं आम्ही लिहिलं होतं, म्हणून तुम्ही बशीत कायम पाणी ठेवलंत.

आधी आकार. या जातीचा फुलण्याजोगा कंद ६ ते ८ सेंटिमीटर घेराचाच असतो, साधारण सुपारीएवढा. ट्यूलिपशेजारी तो खुजाच दिसणार.

मऊपणाचं वेगळं आहे. ट्यूलिपसारखी कागदी तपकिरी साल याला नसते. आतला गर उघडाच, त्यामुळे मोकळ्या हवेत कंद लवकर सुकतो. पाकीट उघडलं त्या दिवशीच्या तुमच्या फोटोत कंद भरीव दिसतात. सुरकुत्या आहेत त्या फ्रिजमधून काढल्यानंतरच्या फोटोत. कागदी पिशवी आणि फ्रिजची कोरडी हवा, दुसरं काय होणार? शिवाय त्याच कप्प्यात सफरचंदं दिसतात. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातली कळी आतच मारतो. त्यात फुलण्यासाठी लागणारी थंडीही ४ आठवड्यांत अपुरी पडली. नुसत्या पानांमागे ही दोन्ही कारणं असावीत.

आता कुजण्याबद्दल. इंग्लंडमध्ये क्रिकलेडजवळच्या नॉर्थ मेडो या कुरणात ही फुलं हजारोंनी उमलतात आणि ते कुरण हिवाळ्यात पुराच्या पाण्याखाली जातं. मग कुंडीत काय बिघडतं? ते पाणी थंड असतं आणि पुढे ओसरतं. ५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना जेमतेम ८. उबेत मुळांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. बैठकीच्या खोलीत, बशीतल्या साचल्या पाण्यात मुळं गुदमरली, मग बुरशी शिरली. तळाला तुम्ही घातलेल्या खड्यांचाही उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरावर येऊन अडतं, म्हणजे चिखल कंदाच्या आणखी जवळ सरकतो. (हा सल्ला इतक्या ठिकाणी छापलेला असतो की तुम्हाला दोष देता येत नाही.)

पुढच्या वेळी कंद हातात पडताच लावा आणि मग कुंडीसकट थंडी द्या. पाकिटावर हाच क्रम आहे. तळाला भोकं असलेल्या १५ सेंटिमीटरच्या कुंडीत ७-८ कंद बसतात. मातीसाठी २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग चाळलेलं कंपोस्ट, १ भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). कंदावर ५-६ सेंटिमीटर माती हवी. एकदा भरपूर पाणी घालून पूर्ण निथळू द्या, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिक पिशवीत कुंडी घाला आणि ४ ते ७ अंशांत १२ ते १५ आठवडे ठेवा, फळांपासून लांब. आठवड्यातून एकदा बोट खुपसून बघा: माती गार आणि दमट लागली पाहिजे, पण मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. कोंब ३-४ सेंटिमीटर झाले की कुंडी उजेडात आणा. जागा मात्र १० ते १५ अंशांची हवी. २० च्या वर गेलं की कळ्या वाळतात. तुमची एक कळी तशीच गेली असणार. एवढी थंड जागा घरात नसेल तर हे झाड घेऊ नका, हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो.

पोचतानाच खराब असलेले कंद आम्ही बदलून देतो. इथे तसं दिसत नाही, म्हणून बदली देता येणार नाही.

पानं आलेले तीन कंद मात्र टाकू नका. बशी काढून घ्या, घरातल्या सगळ्यात गार उजेडी कोपऱ्यात कुंडी ठेवा आणि पोटॅश जास्त असलेलं द्रवखत निम्म्या मात्रेत दर पंधरवड्याला द्या. पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत. नंतर कुंडी सावलीत ठेवा, पण माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. कंद विषारी आहे, तेव्हा लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून कुंडी दूर असू द्या.