भूकंपाची चाहूल फिल्टरने पुसली म्हणे!

आत्याने तो मेसेज मला पाठवला तो ‘हे खरं आहे का रे?’ असं विचारून; पण त्याआधी घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाली होती. मेसेज म्हणतो: मोठा भूकंप दोन तास आधी यंत्रांवर उमटतो, शास्त्रज्ञ त्याला ‘नॉईज’ (निरर्थक खळखळ) ठरवून फिल्टरने, म्हणजे नको त्या लहरी गाळणाऱ्या गणिती चाळणीने, पुसतात, छोटे भूकंपही असेच गायब करतात. पुरावा म्हणून एक आलेख, आणि शेवटी अर्थातच ‘तासभर आधी इशारा’ देणाऱ्या एका अ‍ॅपची लिंक.

आधी ते दोन तास, कारण सगळी भीती त्यावरच उभी आहे. ही गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजाने मान्य. 2023 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ब्लेटरी आणि नोके यांचा पेपर आला. 90 मोठ्या भूकंपांआधीच्या जीपीएस नोंदी एकत्र केल्या, तर शेवटच्या दोन तासांत फॉल्ट (जमिनीखालची भेग, जिथे खडक घसरून भूकंप होतो) हळूहळू सरकू लागल्यासारखा दिसला. मेसेज इथेच थांबतो. एकेकट्या भूकंपाच्या नोंदीत हे ओळखता येत नाही, हे लेखकांनीच लिहिलंय, ते गाळलं. नव्वदांची बेरीज केल्यावर कसंबसं दिसतं, त्यावर कुठलं गाव रिकामं करणार?

पुढे ब्रॅडली आणि हबर्ड या भूवैज्ञानिकांनी तोच डेटा तपासला. जीपीएसमध्ये एक नेहमीची खोट असते: एका भागातली सगळी स्टेशनं, अगदी लांबलांबची सुद्धा, एकाच वेळी एकाच दिशेला सरकल्यासारखी दिसतात. जमीन तशी सरकलेली नसते. ही सामाईक हालचाल वजा केली आणि दोन तासांची चाहूलही गेली. याला म्हणे पुसणं! अहो, फॉल्ट खरंच घसरला तर जवळची स्टेशनं जास्त हलतात, लांबची कमी, आणि दिशाही वेगवेगळ्या. सगळ्यांना सारखाच धक्का बसत नाही. शिवाय हा सगळा वाद खुल्या डेटावर, चारचौघांत झाला. लपवालपवी अशी करतात?

आता तो आलेख. पहिल्या लाटेच्या किंचित आधी बारीक लहरी, भोवती लाल गोल. कोपऱ्यात ‘1–10 हर्ट्झ’ असं छापलंय, म्हणजे सेकंदाला एक ते दहा वेळा हलणाऱ्या लहरीच ठेवल्यात; ही नोंद फिल्टरमधूनच आलेली. लाटांच्या वेळा सरकू नयेत म्हणून डेटा बरेचदा एकदा सरळ आणि एकदा उलटा फिल्टरमधून काढतात. त्यात तीव्र सुरुवातीची थोडी ऊर्जा आधीच्या वेळेत सांडते आणि अशाच लहरी उमटतात. फिल्टर फक्त सरळ चालवला की त्या दिसत नाहीत. चाहूल पुसल्याचा आरोप फिल्टरवर, आणि पुरावा फिल्टरनेच उठवलेल्या लहरींचा!

छोटे भूकंप लपवतात हे तर साफ उलटं. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत काही सेकंदांच्या आवर्तनाची कुरकुर अखंड चालू असते. ती कापली की जवळचा बारीक धक्का वर येतो. 2019 मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी ओळखीच्या भूकंपांचे नमुने सलग नोंदींवर फिरवून जुळणी शोधली. दक्षिण कॅलिफोर्नियात 2008 ते 2017 या काळातले 18 लाखांहून जास्त भूकंप सापडले, नेहमीच्या यादीच्या सुमारे दसपट. ठेवायच्या लहरींचा चुकीचा पट्टा निवडला तर खरा सिग्नल कापला जातो, हे मात्र खरं. म्हणूनच मूळ नोंद जपून ठेवतात. फिल्टर चालतो तो प्रतीवर.

राहिलं अ‍ॅप. ‘तासभर आधी इशारा’ कुणीच देऊ शकत नाही. खऱ्या इशारा यंत्रणा भूकंप सुरू झाल्यावर पहिल्या लाटा पकडतात आणि लांबच्या लोकांना काही सेकंद मिळवून देतात. अगदी केंद्राजवळच्यांना तेवढेही मिळत नाहीत.