काचेला मल्टिमीटर लावून पॅनेलची पारख होत नाही

"सोलर पॅनेलच्या काचेवर इंडियमचा पारदर्शक थर असतो. मीटरच्या दोन्ही पिना काचेवर टेकवा, बीप वाजला तर माल अस्सल, नाहीतर डुप्लिकेट." हा मेसेज सध्या कोल्हापुरात गल्लोगल्ली फिरतोय. शेवटी जोड अशी की इंडियम विषारी आहे, ते संपत आलंय आणि ग्राफीनचं दुप्पट विजेचं पॅनेल येतंय, तोवर थांबा. तो वाचून आमच्या शेजारच्या काकांनी धडधाकट पॅनेलचा जंक्शन बॉक्स, म्हणजे मागची वायरींची डबी, उघडायला घेतला. आता गप्प बसणं बरोबर नाही.

काच कधीच वाजत नाही, कुठल्याही कंपनीची असो. वर टफन्ड काच, तिच्याखाली ईव्हीए या चिकट प्लास्टिकचा थर आणि त्याखाली वीज बनवणारे सेल. मेसेजमधला पारदर्शक थर म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, इंडियम या धातूपासून केलेला, वीज नेणारा. तो असलाच तर सेलच्या अंगावर, या सगळ्याच्या आत. उलट वीज काचेपर्यंत येऊ नये हीच पॅनेलची परीक्षा असते. आयईसी ६१२१५ या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे इन्सुलेशन रेझिस्टन्स (वीज अडवण्याची ताकद) गुणिले क्षेत्रफळ किमान ४० मेगाओहम-चौरस मीटर यावं लागतं, म्हणजे २.६ चौरस मीटरच्या पॅनेलला १५ मेगाओहमच्या, म्हणजे दीड कोटी ओहमच्या वर. मीटर बीप देतो तो फार तर काही डझन ओहमच्या आत. या कसोटीवर जगातलं प्रत्येक चांगलं पॅनेल डुप्लिकेट ठरेल!

त्यात आपल्या छतांवरच्या बहुतेक पॅनेलमध्ये हा थर नसतोच. मोनो पर्क आणि टॉपकॉन या नेहमीच्या सेलच्या प्रकारांमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन मिसळलेला सिलिकॉनचा वरचा पापुद्राच वीज आडवी नेतो आणि चांदीच्या बारीक रेघा ती गोळा करतात. चांदीच्या दागिन्यांची हुपरी आपल्याच जिल्ह्यात, चांदीचं मोल वेगळं सांगायला नको. निळसर दिसतो तो सिलिकॉन नायट्राइड, उजेड परत फिरू नये म्हणून दिलेला. इंडियमचा थर लागतो एचजेटी (हेटरोजंक्शन) या वेगळ्या प्रकारच्या सेलला, कारण त्याच्यावरचा अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेला सिलिकॉन आडवी वीज नीट नेत नाही. तिथेही थर ७०-८० नॅनोमीटरचाच: जाड केला तर उजेड गिळतो, पातळ केला तर रेझिस्टन्स वाढतो.

खरा धोका पुढे आहे. बीप येत नाही म्हणून लोक काच खरवडतात, बॉक्स उघडतात. ५४० वॉटची सहा पॅनेल सिरीजमध्ये असली की उन्हात ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. मीटर कंटिन्युइटीवर (बीपच्या सेटिंगवर) ठेवून तिथे पिना लावल्या तर मीटर जातो, हातही भाजतो. एकदा बॉक्सचं सील फुटलं की पहिल्याच पावसात पाणी आत.

पारख करायचीच तर काचेच्या आतला सिरीयल नंबर मागच्या स्टिकरशी जुळतो का आणि मॉडेल एएलएमएम, म्हणजे केंद्राच्या मंजूर पॅनेलच्या यादीत आहे का, ते बघा. व्होल्टेज बसवणाऱ्याकडूनच मोजून घ्या. सेल ६० अंशांवर तापला की ते स्टिकरपेक्षा ९-१० टक्के कमी येतं, तो दोष नव्हे.

विषाचं म्हणाल, तर इंडियम टिन ऑक्साइडची भुकटी फुप्फुसात गेली तर घातक आहे, जपानमधल्या कामगारांमध्ये तसे रुग्ण आढळले आहेत. पण तो कारखान्यातला प्रश्न. पॅनेल धुतलेल्या पाण्यात काचेआडचं इंडियम येत नाही.

तुटवड्यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एचजेटी सेलच्या दोन्ही बाजू धरून चौरस मीटरला सुमारे ०.८ ग्रॅम इंडियम लागतं, म्हणजे एका गिगावॉटच्या (शंभर कोटी वॉटच्या) पॅनेलला साडेतीन टनांच्या वर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या वार्षिक आकड्यांप्रमाणे जगात वर्षाला साधारण हजार टन इंडियम शुद्ध होतं आणि त्यातला मोठा वाटा टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांना जातो. सगळं पॅनेललाच दिलं तरी पावणेतीनशे गिगावॉटला पुरेल. जगात दरवर्षी त्याहून जास्त पॅनेल बसतात. म्हणून इंडियमचा थर पातळ करून वर ॲल्युमिनियम मिसळलेला झिंक ऑक्साइड देण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो स्वस्त, पण ओलाव्यात लवकर बिघडतो. अडचण एचजेटी बनवणाऱ्यांची आहे. तुमच्या टॉपकॉनचा तिच्याशी संबंध नाही.

ग्राफीनने दुप्पट वीज? ग्राफीन म्हणजे कार्बनचा अणूभर जाडीचा थर; तो इंडियमच्या जागी पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून येणार. इलेक्ट्रोडचं काम उजेड आत सोडायचं आणि वीज बाहेर आणायचं. तो शंभर टक्के पारदर्शक झाला तरी वाचतील ते काही टक्के. उजेडाची वीज करण्याची एकेरी सिलिकॉन सेलची कमाल मर्यादाच सुमारे २९.४ टक्के आहे आणि आजची चांगली पॅनेल २२-२३ टक्के देतात, मग दुप्पट येणार कुठून?