करंगळीतला बोळा

शाळेत असताना करंगळीचा मला एकच उपयोग माहीत होता, ती वर करून वर्गाबाहेर सुटायचं. श्रीकृष्णाने तिच्यावर गोवर्धन उचलला होता, पण ते त्याचं त्याला. पुढे सोलापूरच्या एका कॉलेजात बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडम म्हणाल्या, "ट्यूबचा बोळा करंगळीने काढायचा आणि करंगळीतच धरून ठेवायचा. टेबलावर ठेवलात की संपलं."

प्रकरण असं असतं. उजव्या हातात लूप, म्हणजे दांडीला जोडलेली निक्रोमची तार, टोकाला बारीक कडं. डाव्या हातात जंतूंची ट्यूब. तार बर्नरच्या ज्योतीत लालबुंद करायची. मग त्याच उजव्या हाताच्या करंगळीने ट्यूबच्या तोंडचा कापसाचा बोळा उपसायचा, ट्यूबचं तोंड ज्योतीतून फिरवायचं, लूप आत घालून जंतूंचा कण उचलायचा, तोंड पुन्हा ज्योतीतून न्यायचं आणि बोळा परत लावायचा. हे सगळं ज्योतीपासून वीतभर अंतरात, तोंड मिटून आणि पंखा बंद ठेवून.

हा पंखा म्हणजे स्वतंत्र दुखणं. वाऱ्याने ज्योत हलते आणि धुळीवर स्वार होऊन जंतू येतात, म्हणून पंखा बंद. बाहेर ऑक्टोबरचं सोलापूर, आत वीस पेटते बर्नर आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड एप्रन. कपाळावरून निघालेला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायचा. खाली उघडी प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची चपटी, झाकणाची बशी. पुसायला हात नाही, कारण एका हातात ट्यूब, दुसऱ्यात लूप आणि करंगळीत बोळा. मी मान मागे टाकून छताकडे बघत प्लेटवर रेघा मारायचो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पोराला समाधी लागली.

खरं तर जंतूंपासून वस्तू राखायची शिकवणी मला घरीच मिळाली होती. आईची लोणच्याची बरणी. आधी तिला कडक ऊन दाखवायचं, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याची धुरी द्यायची, लोणचं भरलं की तोंडाला स्वच्छ दादरा बांधायचा. काढायचं ते कोरड्या चमच्याने, तेही तिनेच. मी एकदा पोळी खाता खाता उष्टा चमचा बरणीत बुडवला होता. चौथ्या दिवशी वर पांढरी साय आली. आईने ती बुरशी माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "ही कोणाची?" पुढची तीन वर्षं मॅडम मला प्लेट दाखवून हेच विचारत होत्या.

मुळात बोळा वळणं हीच एक कला. कापूस न शोषणारा लागतो. मी अतिशहाणपणा करून मेडिकलच्या दुकानातून जखमेवर लावायचा पांढराशुभ्र कापूस आणला. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे जंतू मारायच्या मोठ्या कुकरच्या, वाफेने त्याचा लगदा झाला, आणि ओला बोळा म्हणजे जंतूंसाठी सताड उघडा दरवाजा. चांगल्या बोळ्याची परीक्षा लॅबमामा घ्यायचे. बोळा धरून अख्खा फ्लास्क उचलायचा, बोळा निसटता कामा नये. आणि पिळून ओढला की 'पॉक्' असा आवाज यायला हवा. माझा बोळा एक तर फ्लास्क खाली सोडायचा, नाही तर असा बसायचा की काढताना ट्यूब, लूप आणि मी तिघेही हादरायचो.

ऑटोक्लेव्हवर राज्य मामांचंच. 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं, हे आम्हाला तोंडपाठ. पण आतली हवा पुरती निघून गेल्याशिवाय झडप बंद करायची नाही, नाही तर काटा दाब दाखवतो आणि आत तेवढी उष्णता नसते, हे मामांकडून कळलं. ते काट्याकडे बघतही नसत. वाफेच्या आवाजावरून ओळखत आणि म्हणत, "अजून खोकतंय. गाऊ लागलं की बंद करू."

अगार ओतणं मला जरा जमायचं, कारण ते स्वयंपाकाच्या जवळचं आहे. अगार म्हणजे आपलं वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. प्रयोगशाळेत ते आलं तेही स्वयंपाकघरातूनच. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखकडे जंतू वाढवायला जिलेटिन वापरत, आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई. कॉखबरोबर काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी घरी जेली करायला अगार वापरायची. तिने 1881च्या सुमारास ते नवऱ्याला सुचवलं. अगार उकळीच्या जवळ वितळतं आणि मग पार चाळिशीपर्यंत उतरल्यावरच घट्ट होतं. म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यातही तग धरतं. त्या बाईचा फोटो आमच्या लॅबमध्ये नव्हता. कॉखचा होता.

ओतण्याआधी फ्लास्क मनगटाला लावून बघायचा, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तसा. फार गरम ओतलं तर झाकणावर पाणी धरतं. थंड होऊ दिलं तर प्लेटमध्ये शिऱ्यासारखे गोळे पडतात.

रेघा मारणं, म्हणजे स्ट्रीकिंग, हे मात्र माझ्या नशिबातच नव्हतं. प्लेटचे मनातल्या मनात चार भाग करायचे. पहिल्यात जंतू पसरायचे, लूप पुन्हा लाल करून गार करायचा, पहिल्या रेघांना जेमतेम शिवून दुसऱ्या भागात ओढायचा, आणि असंच पुढे. जंतू विरळ होत होत शेवटच्या भागात एकेकटे पडतात आणि प्रत्येकाची वेगळी कॉलनी, म्हणजे वस्तीचा ठिपका, उठते. पहिल्या दिवशी मी लूप गार करायला विसरलो. अगारवर टेकवताच फोडणीत मोहरी पडावी तसा 'चर्र' आवाज आला. दुसऱ्या दिवशी प्लेट निर्मळ, एक जंतू नाही. मला वाटलं, आपण फार स्वच्छ काम केलं.

"स्वच्छ नाही, तू भाजून मारलेस," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या खेपेला लूप गार केला, पण हात जड. अगारचा पृष्ठभाग चिरत लूप तिरका आत गेला आणि मी भरल्या शेतात औत घालावं तशी प्लेट नांगरली. हे नंतर कायमचंच झालं. तिसऱ्या भागाच्या वळणावर माझा लूप रुतायचाच. मामा प्लेट उजेडात धरून म्हणायचे, "ही आपल्या शेतकऱ्याची."

पाहुण्यांचं तर विचारू नका. मला हवे ते जंतू सोडून बाकी सगळे यायचे. काळी मिरपूड सांडल्यासारखी बुरशी, धिरड्यासारखा पसरलेला, सुरकुतलेला बॅसिलस नावाचा जंतू. या बॅसिलसचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, तिथे माझ्या शिस्तीची काय मातब्बरी. एकदा बुरशीची प्लेट दाखवताना मी धीर करून म्हणालो, "मॅडम, 1928 मध्ये पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगच्या प्लेटवरही अशीच..."

"त्याच्या बुरशीभोवतीचे जंतू मेले होते," मॅडमनी मान वर न करता सांगितलं. "तुझ्या बुरशीभोवती मजेत आहेत."

एका प्रॅक्टिकलला प्लेटचे दोन भाग करून एकावर न धुतलेला अंगठा आणि दुसऱ्यावर साबणाने धुतलेला अंगठा टेकवायचा होता. धुतलेल्या अंगठ्याखाली जास्त कॉलन्या आल्या. मी हादरलो. मॅडम म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं. वरवरचे जंतू धुऊन जातात, पण कातडी सैल होऊन खोलवर मुक्कामाला असलेले वर येतात. आईला हे सांगायची चूक मी केली. "म्हणजे हात न धुताच जेवायला बस, असं शिकवतात का तुमच्यात?" एवढंच ती म्हणाली, पण आठवडाभर मला वाढताना माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

मग अल्कोहोल. निव्वळ अल्कोहोलपेक्षा 70 टक्के जास्त मारक, कारण प्रथिनं मोडायला पाणी लागतं आणि निव्वळ असेल तर ते चटकन उडूनही जातं. पेटतं मात्र तेही. काचेची वाकडी कांडी बीकरमधल्या अल्कोहोलमध्ये बुडवायची, ज्योतीला लावून वरचं अल्कोहोल जळू द्यायचं, विझली की गार करून वापरायची. दिवसा ती निळी ज्योत धड दिसत नाही. मला वाटलं, विझली. पण काही तरी चुकलंसं वाटून मी ती पुन्हा बीकरमध्ये बुडवली. बीकर भक्कन पेटला. मी शास्त्रोक्त किंचाळलो. मामा आले, जवळच्या एका प्लेटचं झाकण उचललं, बीकरवर ठेवलं. विझला. "दिवाळी अजून पंधरा दिवस आहे," म्हणाले आणि झाकण पुसून जागेवर ठेवून गेले.

एकदाच मॅडम खरोखर रागावल्या. माझा चिमटा खाली पडला. मी तो उचलून, एप्रनला पुसून, ज्योतीतून नुसता फिरवला. त्यांनी सगळ्या बॅचचं काम थांबवलं आणि एक गोष्ट सांगितली. वाल्देमार हाफकिनने 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस केली होती, आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला ती लस टोचलेल्यांपैकी 19 माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांना लस मिळाली होती एकाच बाटलीतून. दोष हाफकिनवर आला, त्याला पदावरून दूर केलं गेलं. 1907 मध्ये तो निर्दोष ठरला. बाटली उघडताना तिथल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने तो वापरला होता. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिनचं नाव आहे, तिथे लस ठीकच तयार झाली होती.

"एक चिमटा," मॅडम म्हणाल्या. मी चिमटा धरून उभा. त्या दिवशी घामसुद्धा आला नाही.

वार्षिक परीक्षेला स्ट्रीकिंगच आलं. माझ्या शेजारी आमच्या बॅचचा हिरो. त्याचा लूप अगारवरून असा जायचा की पाण्यावरून निवळी जावी. मी जीव मुठीत धरून, बोळा करंगळीत धरून, चारही भाग पार केले. तिसऱ्या वळणावर लूप रुतलाच. घाईत नावाची चिठ्ठी मी झाकणाला चिकटवली. "नंबर बुडाला लिहा, झाकणं बदलतात," हे वर्षभर ऐकूनही. शेजाऱ्याने तेच केलं. परीक्षेत हिरोसुद्धा गडबडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा एक्स्टर्नल सरांनी सगळ्या प्लेट्स उघडून, पाहून, झाकणं परत लावून ठेवल्या होत्या. त्यांनी माझ्या नंबरची प्लेट उचलली. खसखशीएवढ्या, गोल, एकेकट्या कॉलन्या, रांगेत. पाहुणा एकही नाही. तिसऱ्या वळणावर अगार आरशासारखं गुळगुळीत.

"हात छान आहे," सर म्हणाले. "कुठे सराव केला?"

माझ्या डाव्या बाजूला हिरो आपल्या नंबरची प्लेट उजेडात धरून उभा होता. मधोमध काळी मिरपूड आणि तिसऱ्या वळणावर एक खोल, तिरका तास. तो एकदा प्लेटकडे बघत होता, एकदा स्वतःच्या हाताकडे. मामा दारात उभे होते. त्यांनी ती प्लेट लांबूनच ओळखली, माझ्याकडे पाहिलं आणि खाकरून बाहेर गेले.

"घरीच, सर," मी म्हणालो. "आईच्या हाताखाली."