दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : टेबल शेवटच्या भोकावर आहे

नमस्कार ताई,

पायाच्या भोकांवर उंची कमी-जास्त करता येणाऱ्या आमच्या अभ्यासाच्या टेबलाबद्दल आपल्या तक्रारी तीन : दुसरीतल्या मुलीची मान आणि खांदे दुखतात, टेबल हलतं, आणि टॉपची कड फुगली. फोटो टाकलेत ते बरं झालं, त्यावरून बरंच कळतं.

चारही पाय सगळ्यात वरच्या भोकावर लावलेले दिसतात, म्हणजे उंची ७६.५ सेंमी. ही मोठ्या माणसाची उंची. "दहावीपर्यंत चालावं म्हणून" असं आपण लिहिलंय. पण गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर खपून जातं, टेबलाचं तसं नाही. मुलीची उंची आपण १२५ सेंमी सांगितली आहे. शाळेच्या फर्निचरच्या ईएन १७२९ या युरोपीय मानकात ११९ ते १४२ सेंमी उंचीच्या मुलांसाठी टेबल ५९ आणि खुर्चीची बैठक ३५ सेंमी धरली आहे. दोन्हींत फरक २४ चा. फोटोतली खुर्ची घरातली नेहमीची प्लॅस्टिकची, तिची बैठक ४३ च्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडे हा फरक ३३ च्या वर गेलाय. एवढ्या उंच टॉपवर हात टेकवून लिहायचं तर खांदे उचलूनच धरावे लागतात. मान अवघडणारच.

लहान खुर्ची असेल तर टेबल खालून तिसऱ्या भोकावर (५९) घ्या. नसेल तर सहाव्यावर (६६.५), आणि पायांखाली ८ सेंमीचा पाट. पाट टाळू नका. पाय लोंबकळले की मूल पुढे सरकतं आणि पाठीचा आधार सुटतो. मोठी खुर्ची खोलही असते, तेव्हा पाठीमागे एक घट्ट उशी द्या. (बुडाखाली नको, ती दबते.)

मग हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. टॉप कोपराच्या रेषेत किंवा बोटभर वर आला की जमलं. आकडे अंदाजाला ठीक, खरी परीक्षा हीच. सारख्या उंचीच्या दोन मुलांचं धड सारखं नसतं. दर सहामाहीनंतर पुन्हा बघा.

हलण्याचं मूळही बरंचसं तिथेच आहे. पाय पूर्ण वर काढला की आतला पाइप बाहेरच्यात थोडाच उरतो, त्यामुळे खेळ वाढतो. खाली घेताना सगळे बोल्ट आधी अर्धवट लावा, टेबल जमिनीवर उभं करा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून आवळा. एकच कोपरा आधी घट्ट केला तर फ्रेम तिरकी अडकते. फरशीच्या उतारासाठी पायाखालचे बुश (उंची जुळवायच्या टोप्या) फिरवा.

कडेचं मात्र स्पष्ट सांगतो. टॉप प्रीलॅम पार्टिकल बोर्डाचा (लाकडाचा चुरा दाबून केलेला, वर लॅमिनेट आधीच बसवलेला) आहे, हे बिलावर लिहिलेलं असतं. कडेची पट्टी सुटलेल्या जागी पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. वॉरंटीत हे येत नाही. सध्या कड पूर्ण वाळू द्या, पट्टी फेविकॉलने चिकटवून वर रात्रभर वजन ठेवा, आणि पाण्याची बाटली टेबलावर नको.